उजव्या कानाचं यंत्र

"उजव्या कानातलं कुठंय?"

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. लेकीने पेपर ओढून बाजूला ठेवला आणि पुन्हा विचारलं, या वेळी बेंबीच्या देठापासून.

"दिलं," बाबा म्हणाले. "घड्याळवाल्याला."

लेक मटकन खुर्चीत बसली. चार वर्षं पोटाला चिमटा घेऊन तिने ती दोन श्रवणयंत्रं घेतली होती, आणि खरं सांगायचं तर बाबांसाठी कमी, स्वतःसाठी जास्त. दिवसभर शाळेत साठ पोरांपुढे घसा फोडायचा आणि घरी येऊन पुन्हा बाबांपुढे. घशाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बाई, आवाज जपा, नाहीतर शिकवणं सोडावं लागेल.

"अहो बाबा, ते काय छत्री आहे, कुणाच्याही हातात द्यायला? ते तुमच्या कानाला बसवून घेतलंय!"

"त्याने कानात जायच्या बोंडाला दोरा गुंडाळून बसवलं. कारागीर माणूस." बाबांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "चर्चमध्ये उपासनेला माझ्या शेजारीच बसतो. परवा पाळक सांगत होते, उरलंसुरलं देणं म्हणजे देणं नव्हे. हा बिचारा आपला आमेन म्हणतोय, ऐकू काही येत नाही. माझ्याकडे दोन. मग काय करणार?"

"मला विचारायचं!"

"तू नको म्हणाली असतीस."

कपाळ माझं! देवाला द्यायची बाबांना भारी हौस. गेल्या वर्षी पंखा गेला, त्याआधी चांगली नवी गादी गेली. देणारे बाबा, निभावणारी लेक. तिने पायात चप्पल सरकवली आणि तडक घड्याळवाल्या काकांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. काकू दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेल्या. काका खाटेशी वाकून, उजवा कान त्यांच्या तोंडाजवळ नेऊन बसले होते. काकूंचा आवाज म्हणजे नुसता श्वास, पण तोंडाचा पट्टा जोरात सुरू होता.

"वर्षभर सांगतेय, ती खिडकी लावा, वारा लागतो. तर तुम्ही उठून आणखी उघडता!"

"अगं, मला वाटायचं तुला उकडतंय," काका ओशाळून म्हणाले.

लेकीला दारात पाहिलं आणि त्यांनी ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. त्यांनी यंत्र काढलं, दोरा सोडवला, रुमालाने पुसलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"मी म्हटलं होतं त्याला, आधी मुलीला विचार. तुझ्या कष्टाचं आहे, बाळा. त्याला रागावू नकोस."

तिने मूठ मिटली. सुटले बाई एकदाची, असं वाटायला हवं होतं.

काकूंचं इकडे लक्षच नव्हतं. त्या छताकडे बघत बोलत होत्या. दीड वर्षाचं साचलेलं, एका खिडकीवर थोडंच संपणार?

"आणि तुम्ही झोपलात ना, की मला भीती वाटते हो. हाका मारते मी. रोज मारते."

"हो, हो," काका मान डोलवत म्हणाले. "छान, छान."

लेक दारापर्यंत गेली आणि थांबली. बाबांवरचा सगळा संताप पुन्हा उसळून वर आला. स्वतः घरात पेपर वाचत बसायचं आणि दुसऱ्याला या खोलीत आणून उभं करायचं! असा कसा हो हा माणूस!

"इकडे करा कान," ती काकांवर खेकसली. त्यांना ते कळलंच नाही. मग तिनेच त्यांची हनुवटी धरून डोकं वळवलं, त्यांच्या मांडीवरचा दोरा उचलून बोंडाला घट्ट गुंडाळला, यंत्र कानात नीट बसवलं आणि त्याचा आवाज वाढवला.

"काकू," ती म्हणाली, "आता परत सांगा."