शोभनाचं वजन

अमेरिकेतल्या या गावात आजारी माणसाला उचलायलाही फायर ब्रिगेडचीच गाडी येते. त्या गाडीवर माणसं किती, हे करारात ठरवून घ्यायचा फायरमनच्या युनियनचा हक्क काढून घ्यायला गावची कौन्सिल निघाली होती. "पेशंट उचलायला चौघं कशाला? दोघं पुरेत," एक मेंबर म्हणाला.

यतीनकाका माइकपाशी गेले. बायको जाऊन चार महिने झाले होते.

"माझी शोभना दोनशे चाळीस पौंडांची होती. ड्रायव्हिंग लायसन्सवर वजन लिहावं लागतं, तिथे तिने दीडशेच लिहिलं होतं आणि खरा आकडा कुणाला सांगितलास तर याद राख, असा मला दम होता. अटॅक आला तेव्हा याच चौघा फायरमननी घामाघूम होऊन तिला जिन्यावरून उतरवलं, म्हणून ती अकरा दिवस जास्त जगली. त्यातले दहा दिवस मला रागावण्यात घालवले, पण जगली. दोघंच आले असते, तर जिन्यातच संपलं असतं."

सभागृह हसलं. ठराव बारगळला. काकांचं भाषण शब्दन् शब्द गावाच्या वेबसाइटवर चढलं.


घरी येऊन काकांनी शोभनाच्या फोटोकडे पाठ करूनच चहा घेतला.