उन्हाळ्याचं दार

व्हरमाँटात बर्फ पडायला लागलं, तशा युनिसबाई थंडीपुरत्या लेकीकडे राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी जावयाला बजावलं, “ऑल्टन, माझ्या खोलीत मांजर दिसलं की मी चालले!”

घरातली तीन मांजरं आत येऊ नयेत म्हणून दार लावलं की बैठकीतल्या लाकडं जाळायच्या शेगडीची ऊब बाहेरच राहायची आणि बाई कुडकुडायच्या. शेवटी ऑल्टननं ओसरीचं, उन्हाळ्यात डासांसाठी लावायचं जाळीचं दार आणून त्यांच्या खोलीला बसवलं. ऊब आत जायला लागली, मांजरं जाळीला नाक लावून बसली. कडी मात्र सासूबाईंनी हट्टानं आपल्या बाजूला बसवून घेतली.

सकाळी तो कॉफी घेऊन गेला, तर कडी काढलेली आणि तिन्ही मांजरं सासूबाईंच्या रजईत.

“आई, ही आत कशी?”

“हळू बोल, झोपलीत ती! जाळीतून काय पुरेशी ऊब येते होय रे?”