पिवळ्या फळांचं झुडूप

"लाल फळ पाखराचं, पिवळं फळ घरधन्याचं." रोपवाटिकेत बाबा गिऱ्हाइकांना ओवीसारखं हे ऐकवायचे, तेव्हा ती त्यांच्या कमरेएवढी होती. आता ती पन्नाशीला आली होती. बाबा दारातल्या खुर्चीला खिळलेले, आणि तीच सांगायची, "शोभेला हवंय ना? मग पिवळ्या फळांचं झुडूप न्या. हिवाळाभर एक फळ हलायचं नाही."

"पाखरं का खात नाहीत? कडू असतं?" एका बाईंनी विचारलं.

"छे हो, चवीला लालासारखंच. पण मेली रंग बघतात, त्यांना वाटतं अजून कच्चंच आहे. शेवटी फांदीवरच सुरकुततं बिचारं."

बाई झुडूप घेऊन गेल्या. ती कुंडीची सांडलेली माती गोळा करू लागली.

"बाळा," बाबा म्हणाले, "कलमं बांधायला यायचा ना, तो तुझ्यासाठी दोनदा विचारायला आला होता."

तिचा हात थांबला. "मला कधी सांगितलं नाहीत."

"पोर अजून लहान आहे म्हणून मीच त्याला परत पाठवलं. तेव्हा तू बत्तीसची होतीस."