गवळीतळ्याचा बांध

वसंताने पहार घालून बांधाचा पहिला दगड उपटला, तेव्हा मालन चाळीच्या जिन्यावरून धावत खाली आली.

"ठेव तो दगड!"

"वयनी, घरात जा."

"ठेव म्हणते ना! बांध फुटेल."

परळ नाक्यावर सकाळपासून पोलिसांशी धुमश्चक्री चालली होती. द्विभाषिक राज्याची बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. रस्त्यावरचे दगड संपले, तशी पोरं मागे हटत हटत गवळीतळ्यापर्यंत आली होती. त्यांच्या पुढे होता वसंता, मालनचा धाकटा दीर.

तळ्याच्या तीन बाजू केव्हाच बुजल्या होत्या. कुठे गिरणीची राख, कुठे तबेल्याचं शेण. चाळीकडची एक कड तेवढी राहिली होती, पाणकणसांनी भरलेली. टिबुकल्या तिथे घरटी बांधत, पाणकोंबड्या पिलं घेऊन फिरत. ती कड मालनने राखली होती. राखेची गाडी आली की सुंदराबाई आणि चाळीतल्या इतर बायका घेऊन ती बैलांपुढे उभी राही.

"तिकडे आपल्या पोरांची डोकी फुटतायत," वसंता ओरडला, "आणि तुला पाखरांची पडलीय?"

"मुंबई आपली म्हणून घसा फोडतोस ना? मग हे तळं कुणाचं रे?"

त्याने पुन्हा पहार घातली. मालनने ती दोन्ही हातांनी धरली. झटापट झाली, आणि वसंताने उलट्या हाताची एक तिच्या तोंडावर ठेवून दिली. मालन चिखलात बसली. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. रोज तिच्याच हातचं जेवणारा तो; क्षणभर आपल्या हाताकडे बघत राहिला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आले रे, आले!" आणि पोरं बांधावर तुटून पडली.

दगड निघत होते, सुटत होते. एका शिपायाचं तोंड फुटलं, तो गुडघ्यांवर कोसळला. लाठी खाऊन एक जण गटारात पडला तो उठलाच नाही. त्याच्यावरून दोन्हीकडची माणसं धावत होती.

मग बांधाने दम सोडला. आधी माती सरकली, मग हातभर रुंदीचं खिंडार पडलं, आणि पावसाने तुडुंब भरलेलं तळं रस्त्यावर धावलं. पाणकणसं आडवी झाली. एक घरटं अंड्यांसकट फिरत फिरत आलं आणि दगडावर आपटून विस्कटलं. त्याच्या मागून मरळ माशाची तांबडी पिलं, मूठमूठभर, गटाराकडे वाहू लागली.

मालन उठली. पाठ पाण्याकडे करून ती त्या खिंडारात जाऊन बसली, पाय दोन्हीकडच्या दगडांना रोवले. पाण्याचा लोट अडला. तिच्या बगलांखालून तेवढी चिळकांडी येत राहिली.

पोरं पांगली आणि पोलीस बांधावर चढले. पुढे एक जाडजूड हवालदार होता, नाकातून रक्त गळत असलेला.

"ऊठ! काय लपवलंयस खाली?"

"काही नाही."

"ऊठ म्हणतो ना!"

"उठले तर पाणी जाईल."

लाठी तिच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. दुसरी लाठी दंडावर बसली. तिने दात आवळले, पण पाय काढले नाहीत.

वसंता गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. थोडा आणखी धावला असता तर सुटला असता. त्याने मागे वळून पाहिलं आणि बैलासारखा हंबरत तो परत आला. हवालदाराच्या अंगावर त्याने झेप घेतली, दोघे चिखलात लोळले. तिघा शिपायांनी त्याला वर ओढलं आणि त्याचा एक हात लोंबकळायला लागेपर्यंत मारलं. मग तंगड्या धरून त्याला फरफटत पोलिसांच्या गाडीकडे नेलं. चाळीच्या खिडक्या माणसांनी भरल्या होत्या. गाडीच्या दारात त्याने मान उचलली. आता घोषणा देणार, असं सगळ्यांना वाटलं.

"सुंदराबाई!" तो ओरडला. "दगड लावा गं! वयनीच्या मागं दगड लावा!"

दार बंद झालं.

हवालदार उठला. त्याची टोपी चिखलात गेली होती. मालनसमोर येऊन त्याने लाठी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

त्याच वेळी मालनच्या कमरेत मागून जोराची धडक बसली. पुन्हा एक. मरळ होती ती. पिलांपाशी जे कोणी आलं असेल त्याच्यावर ती गढूळ पाण्यातून तुटून पडत होती. मालनने डोळे मिटून घेतले.

"मार," ती मरळीला पुटपुटली. "मार, मार. तुझीच पोरं आहेत ती."

हवालदाराचे हात वरच राहिले.

त्याने बंद गाडीकडे पाहिलं. गटारात पडलेल्या त्या पोराकडे पाहिलं. नाकातलं रक्त ओठांवर उतरलं, तेही त्याने पुसलं नाही.

"काय म्हणालीस?"

मालनने डोळे उघडले नाहीत. मागून धडका बसतच होत्या.

चाळीच्या जिन्यावरून सुंदराबाई उतरत होती. डोक्यावर तिचा पाटा होता, वाटलेला मसाला अजून त्याला लागलेला. तिच्या मागे कोणी जात्याची तळी उचलली होती, कोणी वरवंटा कडेवर घेतला होता. सुंदराबाई थेट हवालदारासमोर येऊन उभी राहिली.

लाठी खाली घेऊन तो बांधावरून बाजूला झाला आणि तिला वाट दिली.