माणशी दोन

ओहोटीनंतर तारामासे कातळावर अडकले होते आणि ऊन चढत होतं. मंदाकिनीने दोन उचलून पाण्यात सोडले. मनगटावरचा पट्टा बोलला, "शोभेचे जीव, माणशी दोन. आजची मर्यादा संपली."

"मेल्या, घरी नेत नाहीये, वाचवतेय त्यांना!" ती पट्ट्यावरच खेकसली.

हौशी लोकांनी घरातल्या काचेच्या टाक्यांसाठी किनारा ओरबाडला, तेव्हापासून इथे येणाऱ्या प्रत्येकाला हा पट्टा बांधावा लागे. त्याला हाताचा स्पर्श तेवढा कळायचा. हात लावला म्हणजे नेलं.

"तिसऱ्याला हात लावलास तर वर्षभर किनारा बंद हां," तिचा नवरा रघुवीर म्हणाला. त्याचे दोन आधीच सोडून झाले होते.

मंदाकिनीने चप्पल काढली आणि तिसऱ्या तारामाशाला पायाने हळूहळू ढकलत नेलं. पट्टा गप्पच राहिला. तारामासा पाण्यात घसरला.

"बघितलंस? आता सगळ्यांना अशीच नेते!" असं म्हणता म्हणता, जिवाला पाय लागला म्हणून ती सवयीने वाकली, त्याला बोटं टेकवली आणि कपाळाला लावली.

पट्टा किंचाळला.

"अगो, पाया कसली पडतेस त्याच्या!" रघुवीरने कपाळावर हात मारला.

मागे कातळावर बाकीचे तारामासे तापत पडले होते.