न लागणारं दार

आज दार घट्ट लागलेलं होतं. ते पाहून सुतार जागीच थबकला. छातीशी झोळीत छकुली, पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला आणि समोर हे बंद दार. त्याने दाराला कान लावला. आतून नुसती गुणगुण आली, शब्द एकही कळेना.

इतके दिवस हे दार कधी पुरतं लागलंच नव्हतं. चार बोटं फट राहायची. पहिल्याच दिवशी त्याने समोरच्या बाकावर बसल्या बसल्या निदान करून टाकलं होतं. वरची बिजागरी सैल झालीय, दार खाली बसलंय आणि जमिनीला अडतंय. स्क्रू आवळले, खालून जरा रंधा मारला की काम फत्ते. एरवी असं दार दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. या दाराला मात्र त्याने बोटही लावलं नाही. त्या फटीवरच तर तो जगत होता.

आत नव्या आयांची बैठक भरायची. बाळंतपणानंतर मन खचलेल्या बायका गोल करून बसत, बोलत, रडत. सुताराच्या घरी सगळा उलटाच प्रकार झाला होता. बाळंत झाली बायको, आणि ती ठणठणीत उठून कारखान्यात कामाला लागली. तिचा पगार नेमाचा, याचं काम बेभरवशाचं, म्हणून बाळाजवळ राहिला तो. आणि खचलाही तोच. छकुली रडायला लागली की त्याला घाम फुटे. तिच्याकडे बघून आपल्याला काहीच वाटत नाही, याची त्याला भीती वाटे. “अरे, बाळंतीण कोण, ती की तू?” थोरला भाऊ हसत म्हणाला होता. त्यानंतर त्याने कुणापुढे तोंड उघडलं नाही.

मदत शोधली नाही असं नाही. मनाच्या डॉक्टरांची एका वेळची फी ऐकली तेव्हा त्याने घाईघाईने फोन ठेवला, जणू ऐकण्याचेही पैसे पडणार होते. मदतीसाठीच्या फुकटच्या फोनवर नुसतं गाणं वाजत राहायचं. ते त्याला तोंडपाठ झालं, पण पलीकडे माणूस काही आला नाही. सरकारी दवाखान्याने तारीख दिली ती छकुली चालायला लागेल तेव्हाची. शेवटी या दारावरची पाटी दिसली. मोठ्या अक्षरांत ‘मोफत’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘फक्त मातांसाठी’. “बायको आत आहे,” असं सांगून तो बाहेरच्या बाकावर बसला, तो बसतच राहिला.

कुणाला संशय आला नाही. प्रत्येकीला तो दुसरीचा नवरा वाटत असणार. मान खाली घालून तो छकुलीला थोपटायचा आणि कानांत प्राण आणून ऐकायचा. “बाळ रडलं की कुठेतरी निघून जावंसं वाटतं,” असं आत कुणीतरी म्हणाली, त्या दिवशी तो झोळीत तोंड खुपसून रडला होता. बैठक घेणाऱ्या बाईंचा आवाज खणखणीत. समोरच्या बायकांशीही लांबच्या माणसाशी बोलावं तशा बोलायच्या. बिचारीला ऐकायला कमी येत असेल, हेही निदान त्याने करून टाकलं होतं.

आज छकुलीने रडून आकांत केला. त्याने तिला पाळण्यात ठेवलं, घराचं दार ओढून घेतलं आणि चालू लागला. कोपऱ्यावर पायांना चटके बसले तेव्हा कळलं, आपण अनवाणी आहोत. तो मागे फिरला. लेकीसाठी नाही, चपलांसाठी. त्याला स्वतःचीच शिसारी आली. हाताला लागल्या त्या चपला घालून, तिला उचलून तो तडक इकडे आला होता. आजचं ऐकायला मिळालं नाही तर पुढच्या वेळी आपण मागे फिरू, याची त्याला खात्री नव्हती.

सफाईच्या नव्या मावशी बादली घेऊन चालल्या होत्या. त्याने त्यांना अडवलं.

“मावशी, दार दुरुस्त केलं का कुणी?”

“दुरुस्त कसलं, दादा? खाली हा लाकडाचा तुकडा अडकला होता. आता फरशी पुसताना काढला. बघा, कसं झक्क लागतंय!”

त्याने तो तुकडा हातात घेतला. एका अंगाने छान निमुळता केलेला होता. पाचर होती ती. पाचर आपोआप अडकत नाही, कुणीतरी वाकून ती बसवावी लागते. आयुष्यभर दारं बसवली, आणि या दारापाशी त्याची नजर फसली होती.

एवढ्यात दार उघडलं. “दार कुणी लावलं?” म्हणत बाई बाहेर आल्या. त्यांच्यामागे सगळ्या बायका माना वळवून त्याच्याकडेच बघत होत्या. चोरी पकडली गेली होती. आता हा बाकही सुटणार.

“बाई,” तो पुटपुटला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाही नीट ऐकू आला नाही. “माझी बायको आत नाहीये.”

बाईंना मात्र स्वच्छ ऐकू गेलं.

“ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “आत बोलावलं असतं तर पळून गेला असता तुम्ही.” त्यांनी त्याच्या हातातली पाचर काढून घेतली आणि दार सताड उघडलं. “बैठक सुरू करण्याआधी या सगळ्याजणी मला एकच विचारतात, बाहेरच्या दादांना ऐकू जातंय ना?”