दोन गाण्यांमधली शांतता

जुन्या सामानाच्या दुकानदाराने ते लाकडी स्पीकर जवळजवळ फुकटच दिले. "न्या हो काका, माझी जागा अडलीये," तो म्हणाला. चांगली वस्तू इतक्या स्वस्तात माझ्या वाट्याला आली, याचाच मला संशय यायला हवा होता.

आवाज मात्र असा, की गाणारी बाई समोरच बसली आहे. स्पीकर पारखायचा तर दोन गाण्यांमधली शांतता ऐकायची, ही माझी जुनी खोड. पहिल्याच दुपारी त्या शांततेत कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मिनिटभराने स्वयंपाकघरात हिने कपबशी ठेवली.

मी कानांना दोष दिला. दुसऱ्या दिवशी ही आधी स्पीकरमध्ये शिंकली, मग खरोखर.

मी तिला सांगितलं, तर ती हसली. "बरं झालं. आता चहासुद्धा त्या खोक्याकडेच मागा."

भास असेल, असं मलाही वाटलं. स्वतःपेक्षा माझा तिच्यावरच विश्वास जास्त.

आज पहिलं गाणं संपलं. शांततेत काहीतरी जड कोसळलं, एक भांडं गडगडत गेलं, आणि माझाच आवाज तिला हाका मारू लागला. एकामागून एक हाका, आणि उत्तर नाही.

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. ही स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरचं पातेलं काढत होती.

"अहो, धावताय काय असे, पडाल ना," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघायला स्टुलावरच मागे वळली.